पार्श्वभूमी : एस्टोनियातल्या आरोग्यनोंदी आणि ‘ब्लॉकचेन’ हा शब्द

एखादा दस्तऐवज अमुक दिवशी असाच होता, हे कुणावरही भरवसा न ठेवता सिद्ध करायची पद्धत १९९१मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मांडली. दस्तऐवजातून गणिताने एक छोटा आकडा काढायचा, तो हॅश; मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. असे हॅश एकमेकांत गुंफले की साखळी होते. १९९५पासून त्या साखळीचा हॅश दर आठवड्याला न्यूयॉर्कच्या एका दैनिकात छोट्या जाहिरातींच्या रकान्यात छापून येऊ लागला. अंक घरोघरी गेल्यावर तो आकडा बदलणार कोण? एस्टोनियात सरकारी आणि आरोग्याच्या नोंदी जपणारी व्यवस्था या घराण्यातली आहे, बिटकॉइनच्या नव्हे.

एप्रिल २००७मध्ये एस्टोनियाची राजधानी टॅलिनमधला सोव्हिएत काळातला सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून दंगल पेटली. पाठोपाठ बँका, वृत्तपत्रं, सरकारी संकेतस्थळं यांच्यावर सायबरहल्ले झाले. बाहेरचा हल्ला निदान दिसतो. आतल्याच माणसाने गुपचूप नोंद फिरवली तर? हॅशच्या साखळीचं महत्त्व इथे कळतं. २०१२पासून ती सरकारी नोंदवह्यांना लागू झाली. देशव्यापी आरोग्यनोंदी २००८मध्येच सुरू झाल्या होत्या. दहा लाखांहून अधिक नोंदी या साखळीने सुरक्षित करण्याची घोषणा २०१६ची.

‘ब्लॉकचेन’ हे बिटकॉइनमागच्या तंत्राचं नाव या साखळीला मागाहून चिकटलं आणि घोळ झाला. ‘रुग्णांच्या नोंदी ब्लॉकचेनवर’ असं सर्रास छापलं जातं. तसं नाही. रक्ताचा अहवाल नेहमीच्या डेटाबेसमध्येच असतो, साखळीत जातो फक्त त्याचा हॅश. अहवालातल्या ६.१ चे कुणी ६.७ केले, तर हॅश जुळत नाही आणि फेरफार उघडा पडतो. अहवाल नुसता वाचणाऱ्याला मात्र साखळी अडवत नाही.

रुग्णाच्या हाती सत्ता आली ती कायद्याने. तीही अर्धी : उपचार करणाऱ्या डॉक्टरला नोंदी आपोआप खुल्या, नको असतील तर रुग्णाने बंद करायच्या. आधी संमती घ्या, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही ओळखपत्राने पोर्टलवर शिरलं की आपली नोंद कुणी, कधी उघडली याची यादी समोर येते आणि जाब विचारता येतो. मोलाची गोष्ट ही यादी आहे.

२०१७मध्ये त्याच ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला. सुमारे साडेसात लाख कार्डांचा प्रश्न होता, नोव्हेंबरमध्ये त्यांची डिजिटल प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. साखळी शाबूत असून उपयोग काय, दाराची किल्लीच कच्ची होती.

मे २०१८पासून युरोपात माहिती पुसून घेण्याचा हक्क लागू झाला. एस्टोनियाच्या पद्धतीत मूळ नोंद पुसता येते, साखळीतला हॅश मात्र राहतो. तो वैयक्तिक माहितीत मोडतो का, यावर वाद आहे.