उन्हाळ्यातला पदवीदानाचा गाऊन

पदवीदान समारंभात नेहमीच्या कपड्यांवरून चढवायचा पायघोळ झगा म्हणजे गाऊन, सोबत गळ्यात अडकवून पाठीवर सोडलेला कापडी हूड आणि काही ठिकाणी चौकोनी टोपी. मूळ वेश मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांचा, तिथल्या थंडगार दगडी इमारतींत तो उबेलाही कामी यायचा. १८५७ साली मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर सुरू झाली आणि हा पोशाखही इथे रुजला, हवामानाचा विचार मात्र कुणी केला नाही.

खरा त्रास कापडाचा आहे. भाड्याने मिळणारे बहुतेक गाऊन पॉलिस्टर नाहीतर सॅटिनचे असतात, ते घाम शोषत नाहीत आणि आत हवा खेळू देत नाहीत, घाम वाळला तरच अंग गार पडतं आणि मुंबईसारख्या दमट हवेत तो आधीच सावकाश वाळतो, त्यात रंग काळा असला आणि मिरवणूक उन्हातून असली की विचारूच नका. हूडचं वजन मागे पडतं म्हणून पुढची पट्टी गळ्याला काचते, मग शर्टाच्या बटणात त्या पट्टीचा फासा अडकवायचा, साडी असेल तर सेफ्टी पिन लावायची. स्टेजवर पदवी घ्यायला मिनिटभरही लागत नाही पण गाऊन तास-दोन तास अंगावर असतो, मांडवात बसलेल्या पोरांचे, आणि वयस्कर प्राध्यापकांचे तर फारच हाल होतात.

यावर जाहीर चर्चा झाली ती २०१० मध्ये, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या समारंभात गाऊन काढून ठेवला आणि त्याला वसाहतकाळाचा अवशेष म्हटलं. पुढे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांना हातमागाचं कापड वापरायला सुचवलं, आणि २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना काळा झगा-टोपी सोडून स्थानिक पोशाख ठरवायला सांगितलं. शांतिनिकेतनात विश्वभारतीचा समारंभ आम्रकुंजात झाडांखाली व्हायचा, उत्तरीय घेऊन, आणि स्नातकांना सप्तपर्णीची पानं दिली जायची, त्या हवेला हे किती साजेसं होतं!

पुणे विद्यापीठाच्या समारंभात गाऊनऐवजी कुर्ता-उपरणं आलं तेव्हा वाद पेटला तो पगडीवरून, पुणेरी की फुले पगडी. तो वाद महत्त्वाचा होताच पण सुती कुर्त्याने जीवाला केवढा आराम मिळतो यावर फारसं कुणी बोललंच नाही. ज्यांना गाऊनच हवा आहे त्यांनी तो निदान पातळ सुती कापडाचा शिवावा आणि मिरवणूक सकाळी लवकर उरकावी, एवढ्यानेही बराच फरक पडतो.