गल्लीची मांजरे (कोल्हापूर)

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत राहणारी, कोणा एका घराची नसलेली, पण एका ठरावीक गल्लीची मानली जाणारी मांजरे. वर्तमानपत्रांच्या भाषेत ती ‘भटकी’ किंवा ‘मोकाट’ ठरतात. हा शब्द मांजराला नीट बसत नाही, कारण ते सहसा भटकत नाही. त्याचा इलाखा दहा-पंधरा घरांच्या छपरांचा, आणि फेरीच्या वेळा दूधवाल्याइतक्या पक्क्या. सकाळी एका घरी ती ‘मनी’ असते, दुपारी शेजारच्या वाड्यात ‘चिंगी’ आणि रात्री मटणाच्या दुकानामागे नुसती ‘ए माऊ’. ‘मांजार कुणाचं?’ असे विचारले तर ‘हितलंच हाय की’ एवढेच उत्तर मिळते. पुढचा प्रश्न कोणाला पडत नाही.

मांजराची ही अर्धवट पाळीव अवस्था फार जुनी आहे. पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यावर धान्याच्या साठ्यांवर उंदीर आले आणि त्यांच्या मागोमाग आफ्रिकी रानमांजर वस्तीत शिरले. आजचे घरमांजर त्याचेच वंशज. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. कुत्र्याला माणसाने कामे शिकवली. मांजराला कोणी काही शिकवले नाही. त्याचे स्वतःचे कामच माणसाच्या सोयीचे निघाले. धान्याची पोती रचलेल्या दुकानात थप्पीवर झोपलेल्या बोक्याला मालक उठवत नाही, त्याचे कारणही हेच. पोते कुरतडले तर नुकसान कोणाचे, हे दोघांनाही ठाऊक असते, असे म्हणायला हरकत नाही.

कोल्हापुरातले मांजर पाहायचे तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जावे. इथे म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला तिथेच उभ्याने रिचवला जातो. चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा आवाज वेगळा असतो. रिकाम्या भांड्यावर ती टणटण वाजते आणि दूध साठत गेले की आवाज दबत जातो. जवळ बसलेले मांजर या टणटणीला कान टवकारते, उठत मात्र नाही. ते उठते भांडे भरून आवाज जड झाल्यावर, कारण सांडलेला फेस आणि पेल्यांच्या तळाचे घोट त्यानंतर मिळतात. म्हशीच्या खुरांपासून किती अंतर ठेवायचे, हेही त्याला नेमके कळते. गंमत अशी की, दूध हा मोठ्या मांजराचा योग्य आहारच नव्हे. पिल्लूपण सरल्यावर बहुतेक मांजरांच्या पोटातले दुधातली साखर पचवणारे विकर घटत जाते आणि म्हशीचे घट्ट दूध पिऊन अनेकांना हगवण लागते. मांजराला गोड चवही कळत नाही. त्याला ओढ असते ती स्निग्धांशाची. पण कोल्हापुरात ‘मांजराला दूध घालू नका’ हे सांगणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच पाहतात.

तालमीशी मात्र मांजराचे जमत नाही. आखाड्याची तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून कमावलेली, रोज खणून भुसभुशीत केलेली असते. मांजराला विष्ठा पुरायला अशीच माती लागते. त्यामुळे पहाटे आखाड्यात उतरणारा पैलवान आधी कोपरे तपासतो, आणि रात्रीचा ‘मुक्काम’ आढळला की दिवसभर मांजरांच्या सगळ्या कुळाचा उद्धार चालतो. तोच पैलवान संध्याकाळी दुधाच्या पेल्यातला शेवटचा घोट त्याच मांजरापुढे ओततो, हा भाग वेगळा.

भाटी (मादी) पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते. गाभणकाळ ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि एका वेताला सरासरी चार पिल्ले होतात. माळ्यावरची जुनी गादी, जळणाची खोप, दुकानाची मागची फळी अशा जागी ती विते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, ही समजूत आकड्यापुरती सोडली तर निरीक्षणावरच उभी आहे. वावर वाढला, पिसवा झाल्या, जागेला वास लागला किंवा परका बोका घिरट्या घालू लागला की ती मानेला धरून एकेक पिल्लू हलवते. परका बोका पिल्ले मारतो, हेही खरे आहे. काळ्या, तांबूस आणि पांढऱ्या अशा तीन रंगांची कबरी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. तांबूस रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने काळा आणि तांबूस दोन्ही दिसायला सहसा दोन एक्स गुणसूत्रे लागतात. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका जनुक न ऐकताही कबरे पिल्लू उचलून ‘ही भाटीच’ असे सांगून मोकळ्या होतात.

संख्या आवरायचा खात्रीचा उपाय म्हणजे पकडून निर्बीजीकरण करणे आणि त्याच जागी परत सोडणे. भुलीखाली असतानाच डाव्या कानाचे टोक सरळ कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. दूर नेऊन सोडल्याने काही साधत नाही. रिकाम्या जागी दुसरे येते, आणि नेलेलेही पुष्कळदा परततेच. देशातले २००१ चे प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम नावापासूनच कुत्र्यांसाठी होते. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली, तरी प्रत्यक्षातला भर कुत्र्यांवरच राहिला आहे. मांजरांचे काम गल्लीतल्या एक-दोन हौशी माणसांच्या खिशातून चालते. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. रेबीज मांजराकडूनही होतो. ‘मांजरच ते, त्याला काय होतंय’ ही समजूत घातक आहे.

मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे जुनी माणसे सांगतात. आडवे गेलेल्या मांजराला शिव्या घालून चार पावले मागे येणाराही त्याला दगड मारत नाही, तो या धाकापोटी.

पंचगंगेला पूर आला की या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. माणसे हलली, जनावरे दाव्याला धरून नेता आली. मांजर मात्र हाताला लागत नाही. ते वर वर चढत जाते: ओटा, जिना, माळा, शेवटी कौले. तिथून हाकेला ओ देते, पण नावेत उडी घेत नाही. माणसावर जीव असला तरी त्याची निष्ठा जागेवर जास्त असते.

अशा मांजरांवर माहितीपट करता येतो, हे इस्तंबूलने दाखवले. जेयदा तोरून यांचा ‘केडी’ (२०१६) हा सुमारे ८० मिनिटांचा माहितीपट तिथल्या सात मांजरांभोवती फिरतो. ‘केडी’ म्हणजे तुर्कीत मांजर. त्यात निवेदकापेक्षा मांजरांना खाऊ घालणारी माणसेच बोलतात, आणि मांजराबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल सांगून जातात. कॅमेरा बराच वेळ मांजराच्या उंचीवर धावतो. इस्तंबूलचे मांजर बंदराचे आणि मासळीचे. कोल्हापूरला समुद्र नाही, मासळी येते ती कोकणातून घाट चढून. इथले मांजर दुधामटणाचे.

कोल्हापूरला कॅमेरा नवा नाही. मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी इथेच कॅमेरा घडवला आणि ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी १ जून १९२९ रोजी इथेच सुरू झाली. त्या पडद्यावर राजे, संत, देव सगळे येऊन गेले. आता पेठेच्या बोळात कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर धरला, तर दिसेल ते असे: करकरणारी कोल्हापुरी चप्पल, तिच्यामागून शेणाने माखलेले खूर, दुधाच्या किटलीचा पोचा पडलेला तळ, आणि पायरीवर कडेला उपडे ठेवलेले झाकण, ज्यात कोणीतरी कालचा भात रस्सा कालवून ठेवला आहे.