पुराची मदत: अर्ज नाही, पंचनामा, आणि यादी बघायचा हक्क

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या मळीच्या (नदीकाठच्या) रानांचं काय होतं, हे इथं कुणाला सांगायला नको. 2019 आणि 2021 चे पूर अजून डोळ्यांपुढं आहेत. पाणी उतरलं की तोच प्रश्न येतो, मदतीचा अर्ज कुठं करायचा?

पीक नुकसानीच्या सरकारी मदतीला सहसा वेगळा अर्ज नसतो. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात, सगळं त्यावरच ठरतं. नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच मदत मिळते. त्या दिवशी स्वतः रानात थांबा. गट नंबर, पीक आणि बाधित क्षेत्र वाचल्याशिवाय सही करू नका. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या नोंदीत) सोयाबीन आणि रानात ऊस, असं असेल तर घोळ इथंच सुरू होतो. पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) पाणी गेलेला ऊस पहिले काही दिवस हिरवाच दिसतो, तेव्हा फोटो काढून ठेवलेले बरे.

कागद फार नाहीत: सातबारा, 8अ (खातेउतारा), आधार, पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक. जमिनीचं खातं सामाईक असेल तर भाऊबंदांचं संमतीपत्र. आपल्याकडं बऱ्याच जणांचं घोडं अडतं ते इथंच. मयताचं नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर आधी वारस नोंद लावून घ्या.

2022 ते 2026 साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत हेक्टरी दर जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये आहे, तोही 2 हेक्टरपर्यंत. म्हणजे अर्धा एकर उसाला बागायतीच्या दरानं साधारण 3,400 रुपये. लागणीचा खर्चसुद्धा यात निघत नाही, ती गोष्ट वेगळी. मात्र तुकडा कितीही लहान असला तरी बागायतीला किमान 2,000 रुपये मिळायला हवेत. राज्य सरकार कधी कधी यात भर घालतं किंवा क्षेत्राची मर्यादा वाढवतं, म्हणून त्या-त्या आपत्तीचा शासन निर्णय बघावा.

पंचनाम्यानंतर याद्या तहसीलमधून पोर्टलवर चढतात आणि प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो. तो तलाठ्याकडं किंवा ग्रामपंचायतीत बघून सेवा केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) करायची. 2025 मध्ये शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना यातून सूट दिली होती. अंगठा लावण्याआधी स्क्रीनवरचं क्षेत्र आणि रक्कम वाचा. चूक दिसली तर तिथंच तक्रार नोंदवा. पैसे आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलंय तिथं जातात, त्यामुळं सोसायटीच्या खात्यात आले नाहीत म्हणून लगेच घाबरू नका. बँकेनं ही रक्कम कर्जात वळती करून घेऊ नये, असं या शासन निर्णयांत लिहिलेलं असतं.

आता यादीचं. लाभार्थ्यांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकायची सूचनाही त्याच शासन निर्णयांत असते. माहिती अधिकार कायदा, 2005 चं कलम 4 तर अनुदानाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील आपणहून जाहीर करायला सांगतं. फलकावर नुसती नावं लावून भागत नाही, नावापुढं क्षेत्र आणि रक्कम हवी. तेवढं असलं की नदीपासून दोन मैलांवरचं रान पूरबाधित कसं झालं, हे गावच विचारतं. यादी लागलीच नसेल तर तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज द्या. आपल्या पंचनाम्याची प्रत आणि गावाची गटनिहाय यादी मागा. कुणाचा आधार किंवा खाते क्रमांक मागू नका, अर्ज तिथंच अडकेल. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करता येतं.