कवडशातली धूळ : आतड्याचा दाह आणि लाल डोळा

डोळा लाल झाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डोळे आलेत." मग काळा चष्मा लागतो, टॉवेल वेगळा होतो आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणले जातात. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण ज्याला महिनोन्महिने जुलाब होतात, पोटात मुरडा येतो, शौचावाटे रक्त पडतं, त्याचा लाल डोळा निराळा निघू शकतो. आतड्याच्या दाहाचे दोन मुख्य आजार म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. या रुग्णांपैकी शंभरात साधारण चार ते दहा जणांना डोळ्यांचा त्रास होतो. हे नातं वैद्यकाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, तरी दवाखान्यात अजूनही पोट एका दारानं जातं आणि डोळा दुसऱ्या.

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या व्रणांचा आजार, लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ मध्ये वेगळा ओळखला. डोळ्यांची नोंद व्हायला त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ गेला. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांनी कोलायटिसच्या दोन रुग्णांच्या डोळ्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे ज्यांचं नाव आजाराला मिळालं, तेच हे क्रोन. पण त्यांचा गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांच्यासोबतचा, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या दाहाचा चौदा रुग्णांवरचा निबंध आला १९३२ मध्ये. म्हणजे 'क्रोन्स'वरच्या त्या निबंधाच्या सात वर्षं आधी क्रोन आतड्याच्या रुग्णांच्या डोळ्यांत पाहत होते. मला या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पोटाच्या डॉक्टरनं मान वर करून रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहिलं, म्हणून हा धागा हाती लागला.

डोळ्याच्या आत पाहायचं साधनही त्याच सुमाराचं. स्वीडनच्या आल्व्हार गुलस्ट्रँड यांनी १९११ मध्ये स्लिट लॅम्प दाखवला. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचं आणि प्रकाशाची एक अरुंद पट्टी डोळ्यावर पडते. निरोगी डोळ्यात बुबुळापुढचं पाणी इतकं स्वच्छ असतं की पट्टी त्यातून जाताना दिसतच नाही. दाह असेल तर मात्र दिसते, आणि तिच्यात बारीक ठिपके तरंगत असतात. कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळ तरंगते, तसंच अगदी. ते ठिपके म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. हा झाला युव्हियायटिस. डोळ्याच्या मधल्या थराचं युव्हिया हे नाव द्राक्षाच्या लॅटिन शब्दावरून आलं आहे, कारण वरचं पांढरं आवरण सोलल्यावर तो थर सोललेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसतो.

सगळ्या लाल डोळ्यांची तऱ्हा एक नसते. डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या वरच्या थराला सूज येते त्याला एपिस्क्लेरायटिस म्हणतात. तो सहसा आतड्याच्या तालावर चालतो : पोट भडकलं की डोळा लाल, पोट शमलं की डोळाही निवळतो. युव्हियायटिस तसा बांधील नसतो. आतडं शांत असताना तो येऊ शकतो, कधी तर पोटाचा आजार कळायच्याही आधी.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्येच सातशे रुग्णांचा आढावा निघाला. त्यात सांधे, त्वचा, तोंड आणि डोळे यांचे त्रास मोठ्या आतड्याच्या दाहाशी जोडलेले एक कुटुंब म्हणून मांडले गेले. त्याआधी १९७३ मध्ये एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेचं मणक्याच्या संधिवाताशी आणि अचानक उठणाऱ्या युव्हियायटिसशी असलेलं नातं उघड झालं होतं. मग सगळं एकाच पेटीत बसतं असं वाटू लागलं. १९९७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासानं ती समजूत ढिली केली. मणक्याच्या आजारात डोळा बहुधा एक, अचानक आणि लालबुंद. आतड्याच्या आजारात मात्र बऱ्याचदा दोन्ही डोळे, मागच्या भागापर्यंत आणि हळूहळू, तेही बायकांमध्ये जास्त. हळूहळू येणारं दुखणं लाल दिसेलच असं नाही. नुसतं धुरकट दिसतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून माणूस थांबतो, आणि तेवढ्यात नुकसान होतं.

औषधांची वाटचालही जोडीनंच झाली. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कोलायटिसमध्ये कॉर्टिझोन या स्टेरॉइडचा उपयोग होतो हे पद्धतशीर चाचणीनं दाखवलं, आणि स्टेरॉइडनं डोळ्यांचा दाहही आवरू लागला. पण लांबलेल्या स्टेरॉइडनं मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. म्हणून मेडिकलमधून मनानं आणलेली स्टेरॉइडची बाटली मला धडकी भरवते. १९९८ मध्ये क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब हे औषध आलं. २०१६ मध्ये त्याच जातीच्या अॅडॅलिम्युमॅबला अमेरिकेत युव्हियायटिससाठीही परवानगी मिळाली. त्याची स्वस्त भारतीय आवृत्ती अहमदाबादच्या झायडसनं २०१४ मध्येच आणली होती. दोन्ही औषधं टीएनएफ हे दाहाचं रसायन अडवतात. एटानरसेप्टही तेच अडवतं, पण ते क्रोन्समध्ये निष्प्रभ ठरलं, आणि काहींना ते चालू असतानाच युव्हियायटिस झाला.

आपल्याकडे या गोष्टीत आणखी एक पात्र आहे, क्षयरोग. तो लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर अगदी क्रोन्ससारखा बसतो, आणि डोळ्यात युव्हियायटिसही करतो. म्हणजे पोट आणि डोळा दोन्ही बिघडलेला रुग्ण समोर आला तर इथला डॉक्टर क्रोन्सचं नाव सरळ घेऊ शकत नाही. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर जंतू मोकाट सुटतात. क्रोन्सला क्षय समजलं तर क्षयाच्या गोळ्यांत महिने जातात आणि आतडं आकसत राहतं. टीएनएफ अडवणाऱ्या औषधानं दबलेला क्षयही उठतो. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे निघतो, दबलेल्या क्षयासाठी रक्ताची किंवा हातावरची टेस्ट होते, आणि तिचा निकाल येईपर्यंत डोळ्याचे थेंब तेवढे चालू राहतात.