दर गुरुवारी घंटा काहून वाजते? क्लबच्या वीकली मीटिंगमागची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या नागपूरच्या रोटरी क्लबात एक नवीन पोरगा इंडक्ट झाला, म्हणजे मेंबर झाला, सीए आहे, धरमपेठेत ऑफिस. तिसऱ्याच मीटिंगला तो प्लेट घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणे, "काका, दर आठवड्यालाच भेटायचं काहून? महिन्यातून एकदा भेटलं तर नाही जमत का?" प्रश्न चूक नव्हता. संध्याकाळी साडेसातला शंकर नगर चौकातून गाडी काढून हॉटेलात पोचायचं, तिथे घंटा, राष्ट्रगीत, मग वाढदिवसवाल्यांना गुलाबाचं फूल, सेक्रेटरीच्या अनाउन्समेंट, पाहुण्यांचं भाषण, व्होट ऑफ थँक्स, परत घंटा आणि मग थंड झालेला पनीर. मी फेलोशिप वगैरे काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर वाटलं की इतकी वर्षं आपण या मीटिंगचं बुलेटिन लिहून राहिलो, आणि यातलं कोणतं कुठून आलं हे कधी नीट सांगितलंच नाही. म्हणून हे.

सुरुवात शिकागोची. पॉल हॅरिस नावाचा वकील, लहानपण गेलं व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड नावाच्या खेड्यात आजीआजोबांकडे, १८९६ ला शिकागोत वकिली सुरू केली आणि एवढ्या मोठ्या शहरात एकटा पडला. १९०० च्या उन्हाळ्यात एका वकील मित्राकडे जेवायला गेला, जेवण झाल्यावर दोघं फिरायला निघाले तर तो मित्र रस्त्यातल्या प्रत्येक दुकानदाराला नावाने हाक मारून राहिला. हॅरिसला आपलं गाव आठवलं. इतवारीत किंवा महालात वाढलेल्या आणि नंतर बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटात राहायला गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पण विचारापासून मीटिंगपर्यंत यायला त्याला पाच वर्षं लागली. २३ फेब्रुवारी १९०५ ला युनिटी बिल्डिंगच्या ७११ नंबरच्या खोलीत चार जण बसले: हॅरिस, कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाणीचा इंजिनियर गुस्ताव्हस लोर (खोली त्याचीच) आणि हायरम शोरी नावाचा टेलर. त्या दिवशी वार कोणता होता माहीत आहे का, गुरुवार! आमच्या क्लबचा गुरुवार हा निव्वळ योगायोग आहे, पण मी तो दर इंस्टॉलेशनला, म्हणजे नवे पदाधिकारी खुर्चीवर बसतात त्या कार्यक्रमाला, सांगतोच. आणि हो, हॅरिस आणि शील त्या रात्री आधी एका इटालियन हॉटेलात जेवले आणि मग मीटिंगला गेले, म्हणजे आमचे काही मेंबर जेवणाच्या वेळेलाच उगवतात ते परंपरेला धरूनच आहे म्हणायचं.

नाव आलं ते असं की मीटिंग एका जागी व्हायची नाही, आज याच्या ऑफिसात तर पुढच्या वेळी त्याच्या, शीलच्या कोळशाच्या यार्डातही झाली. जागा अशी फिरती, रोटेट होणारी, म्हणून रोटरी. प्रत्येक धंद्यातला एकच माणूस घ्यायचा हा नियमही तेव्हाचाच. आता ते तेवढं कडक राहिलं नाही, नाहीतर सिव्हिल लाइन्समधल्या वकिलांनी एका जागेसाठी एकमेकांवर केसेस टाकल्या असत्या.

पाचवा मेंबर हॅरी रगल्स, छापखानेवाला. मीटिंगमध्ये गाणी म्हणायची टूम त्याची. जगभरच्या क्लबांत आजही गातात, आमच्याकडे ते राष्ट्रगीतावर आणि वर्षातून एकदा कराओके नाइटवर भागतं, आणि ते बरंच आहे.

आता मुख्य प्रश्न, आठवड्याचा. शिकागोवाले सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी भेटायचे. दर आठवड्याला दुपारच्या जेवणाला भेटायची पद्धत पाडली ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या क्लबने, १९०९ मध्ये सुरू झालेला हा तिसऱ्या नंबरचा क्लब. जेवायला तर रोज लागतंच, मग आठवड्यातलं एक जेवण सगळ्यांनी सोबत घ्यायचं, वेगळा वेळ काढायची कटकट नाही, इतका साधा हिशोब. ते बाकीच्या क्लबांनी उचललं आणि मग त्याचा नियम झाला, आणि नियम झाला की हजेरीबुक येतंच. आमच्या सिनियर लोकांना हे सगळं पाठ आहे: सहामाहीत निम्म्या मीटिंगा तरी पाहिजेत, मीटिंगचा ६० टक्के वेळ बसलात तरच हजर धरणार, लागोपाठ चार चुकल्या तर मेंबरशिप जाऊ शकते. चुकलीच तर आधीच्या किंवा नंतरच्या १४ दिवसांत दुसऱ्या कोणत्याही क्लबात जाऊन 'मेकअप' करायचा, असा तेव्हाचा नियम होता. आमच्यातले एक डॉक्टर काका मुलीकडे अमेरिकेत गेले तर तिथल्या क्लबातून मेकअप कार्ड सही करून आणायचे, नातवाचे फोटो नंतर दाखवायचे, कार्ड आधी.

सेवा मात्र नंतर आली, हे पुष्कळांना माहीत नसतं. पहिली दोनेक वर्षं हा एकमेकांना धंदा देणाऱ्या मित्रांचा अड्डा होता. १९०७ मध्ये त्यांनी पहिलं सार्वजनिक काम हातात घेतलं ते काय, तर शिकागोत पब्लिक टॉयलेट. त्याला विरोध कोणाचा, तर दारू बनवणाऱ्यांचा आणि मोठ्या दुकानवाल्यांचा, कारण पुरुष त्यासाठी बारमध्ये जायचे आणि बायका दुकानांत, फुकटची सोय झाली तर गिऱ्हाईक जाईल ना! तरी १९०९ मध्ये ते झालं. मला सगळ्या इतिहासात हा प्रोजेक्ट सगळ्यात आवडतो. बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, दिवाळीच्या खरेदीला गेलेल्या कोणत्याही बाईला विचारा की सव्वाशे वर्षं होत आली तरी हा विषय जुना झाला का.

भारतात पहिला क्लब कोलकात्याचा, १९१९. मुंबईचा १९२९. तेव्हा साहेबलोकांचाच भरणा जास्त असायचा. नंतर कोलकात्याचेच नितीश लाहिरी १९६२-६३ मध्ये रोटरी इंटरनॅशनलचे प्रेसिडेंट झाले, पहिले भारतीय. आपलं नागपूर रोटरीच्या डिस्ट्रिक्ट ३०३० मध्ये येतं, नाशिकही त्यातच, म्हणजे तिकडचा माणूस डिस्ट्रिक्टचा गव्हर्नर, म्हणजे प्रमुख, झाला की बिचारा ऑफिशियल व्हिजिटला रात्रभर रेल्वेत, आणि त्या गुरुवारी आमची हजेरी एकदम शंभर टक्के.

बायकांचा भाग थोडा लाजिरवाणा आहे. मेंबरच्या बायकोला आमच्याकडे अजून 'ॲन' म्हणतात आणि पोरांना 'ॲनेट'. हे कुठून आलं, तर १९१४ मध्ये ह्यूस्टनच्या कन्व्हेन्शनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मेंबरची बायको होती, तिचं नाव ॲन, गाडीतल्यांनी तिचं नाव 'रोटरी ॲन' पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टेच्या क्लबने १९७७ मध्ये तीन बायकांना मेंबर केलं तर १९७८ मध्ये रोटरी इंटरनॅशनलने त्या क्लबची सनदच काढून घेतली, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, ४ मे १९८७ ला निकाल बायकांच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये नियम बदलला. म्हणजे त्याआधी आमच्या वहिनींनी कितीही कॅम्प सांभाळले तरी त्या पाहुण्याच. बुलेटिनमध्ये मी 'ॲन' लिहिणं सोडलं, त्यावर दोन सिनियर अजून नाराज आहेत.

मीटिंगमध्ये गमतीने मारायच्या फाइनची मजा लायन्स क्लबवाल्यांकडे जास्त. तो क्लबही शिकागोचाच, १९१७, इन्शुरन्सवाल्या मेल्विन जोन्सचा. त्यांच्यात फाइन गोळा करणारा 'टेल ट्विस्टर' असतो. एका मीटिंगमध्ये एकाच माणसाला दोनदाच्या वर फाइन मारता येत नाही आणि खुद्द टेल ट्विस्टरला मारायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं, त्यामुळे तो नेहमी सुटतो. आमच्याकडे हे काम सार्जंट-ॲट-आर्म्स करतो, पिन नाही लावली पन्नास रुपये, मोबाइल वाजला शंभर.

या सगळ्या हजेरी-फाइनच्या कटकटीतून काय निघतं ते पोलिओत दिसलं. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस, म्हणजे पोलिओ संपवायचा कार्यक्रम, हातात घेतला, १९९५ पासून आपल्याकडे पल्स पोलिओ, आणि मग रविवारी सकाळी बूथवर बसायला माणसं पाहिजेत म्हटलं की गुरुवारी हात वर व्हायचे, कारण समोरासमोर नाही म्हणणं कठीण जातं राजेहो. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा टाकून मोकळं होता येतं. भारतातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त जाहीर झालो.

आता नियम सैल झालाय. २०१६ पासून महिन्यातून दोन मीटिंगा झाल्या तरी चालतं, ऑनलाइनही चालतं. कोरोनात झूमवर भेटलो, मार्च २०२१ च्या नागपूरच्या लॉकडाऊनमध्येही भेटलो, तेव्हा स्क्रीनवर घंटा वाजवताना प्रेसिडेंट नेहमी म्यूट असायचे. यंदा बोर्डासमोर महिन्यातून दोनदाचा प्रस्ताव आलाय. माझं मत विरोधात पडणार आहे, डॉक्टर काकांचंही.

त्या सीए पोराला हे सगळं सांगायला मी या गुरुवारी जरा लवकर गेलो, तर तो पाऊण तास उशिरा आला, पन्नास रुपये डब्यात टाकले आणि सरळ जेवणाकडे गेला.