पाठवलेले गाणे उघडत का नाही? : पार्श्वभूमी

आवडलेले गाणे मित्राला ऐकवल्याशिवाय राहवत नाही, ही खोड मुंबईत फार जुनी. १९५२ मध्ये सरकारी रेडिओने सिनेसंगीताला दार बंद केले तेव्हा लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्राकडे, फिरवला आणि ज्याच्या घरी रेडिओ त्याच्याकडे शेजारी जमू लागले. काळा घोड्याच्या नामांकित दुकानात रेकॉर्ड विकत घेण्याआधी बूथमध्ये बसून ऐकता येई. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले.

खरी देवघेव सुरू झाली ती कॅसेटमुळे. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र, आले, त्यासोबत डिस्को आला, पाकिस्तानी गझल आणि कव्वाली आली. ९० मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटे मिळत. शेवटचे गाणे मध्येच तुटू नये म्हणून भरून देणारा आधी कागदावर मिनिटांची बेरीज मांडायचा. कोरी कॅसेट परवडत नसेल, तर घरातल्या भजनांच्या कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या खाचा चिकटपट्टीने बुजवायच्या आणि तिच्यावरच रेगे भरायचे. कायद्याच्या दृष्टीने हे कितपत चालते, याची चौकशी चाळीत कोणी करत नसे. पुढे सीडी, एमपी३ आणि पेन ड्राइव्ह आले. हाती येणारी वस्तू बदलली, पण गाणे मात्र घेणाऱ्याचे होत होते.

स्ट्रीमिंगमध्ये ते घेणाऱ्याचे होत नाही. हाती पडतो तो फक्त पत्ता, म्हणजे लिंक, आणि तिथे गाणे असेल की नाही हे अ‍ॅप आणि संगीत कंपनी यांच्यातल्या करारावर ठरते. पाठवलेले गाणे उघडत नाही ही आजची अडचण समजायची तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २३ एप्रिल २०१९ च्या आदेशाकडे पाहायला हवे.

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ३१-ड हे कलम आले. त्यानुसार प्रसारकाने आगाऊ नोटीस द्यायची, ठरवून दिलेल्या दराने पैसे भरायचे आणि प्रकाशित गाणी वाजवायची. मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. ही सोय रेडिओ-टीव्हीपुरतीच की इंटरनेटलाही लागू, यावर वाद पेटला. केंद्राच्या एका विभागाने २०१६ मध्ये इंटरनेटलाही ती लागू असल्याचे टिपण काढले होते. एका संगीत अ‍ॅपने त्याचाच आधार घेतला. मुंबईतली एक संगीत कंपनी कोर्टात गेली. कोर्ट म्हणाले, कलमाची रचना रेडिओ आणि टीव्ही डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे, ते टिपण कोर्टावर बंधनकारक नाही, आणि गाणे डाउनलोड करून फोनमध्ये ठेवू देणे म्हणजे प्रसारण नव्हेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानेही हेच कायम ठेवले.

शब्दांवर बोट ठेवून वाचले तर निकालात खोट काढणे कठीण आहे. गाण्याच्या मालकाला भाव ठरवायचा हक्क हवा, हेही रास्तच. पण या भांडणात दोन्हीकडे कंपन्याच होत्या. परवाना संपला की श्रोत्याने वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्यांचे काय, हा प्रश्न पटलावर आलाच नाही. तो यायला हवा होता. दर सक्तीने ठरत नाही म्हटल्यावर प्रत्येक अ‍ॅपला प्रत्येक कंपनीशी वेगळा सौदा करावा लागतो, आणि सौदा फिसकटला की गाणी रातोरात जातात.

तसे घडलेही. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलेल्या एका स्वीडिश अ‍ॅपवर एका मोठ्या अमेरिकी कंपनीचा साठा वर्षभराहून जास्त काळ नव्हता. लंडनच्या मैत्रिणीने पाठवलेले रॉक दादरमध्ये नुसते करड्या अक्षरांत दिसे. मार्च २०२३ मध्ये त्याच अ‍ॅपवरून एका बड्या हिंदी कंपनीची गाणी गेली. नवीन करार जमला नव्हता.

मे २०२५ मध्ये कारण निराळे होते. भारत-पाकिस्तान संघर्षादरम्यान, ८ मे रोजी, केंद्राने पाकिस्तानी मालिका, सिनेमे, गाणी आणि पॉडकास्ट बंद करण्याची सूचना ओटीटी आणि स्ट्रीमिंग सेवांना दिली. त्यानंतर याद्यांतली बरीच पाकिस्तानी गाणी इथे वाजेनाशी झाली. आखातातून आलेल्या कॅसेटवर ज्यांनी हे संगीत पहिल्यांदा ऐकले, त्यांच्यापैकी अनेकांकडे आता कॅसेट आहेत, पण प्लेअर नाही.