शिक्षकी पेशाची सनद : महाराष्ट्रातील अध्यापक प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे, शिक्षण हक्क कायदा येण्यापूर्वी नेमल्या गेलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले; अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. डी.एड. ही अध्यापनाची पदविका किंवा बी.एड. ही पदवी रीतसर पूर्ण करून वीस-वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकांना या निकालाने धक्का बसला. शासनमान्य अभ्यासक्रमाची पदविका किंवा पदवी हातात असताना आणखी एका परीक्षेची गरज का भासावी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका निकालात सापडणार नाही. ते प्रशिक्षण संस्थांच्या दोनशे वर्षांच्या वाटचालीत शोधावे लागते.

मुंबई इलाख्यात शिक्षकांना शिकवण्याचा पहिला संघटित प्रयत्न १८२० च्या दशकात झाला. पुढे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली २४ शिक्षक तयार केले आणि १८२६ मध्ये त्यांना मराठी व गुजराती जिल्ह्यांतील शाळांवर पाठवले. मिशनरींचे प्रयत्न याला समांतर चालू होते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरार यांच्याकडे आणि पुण्यातील नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, शिक्षण घेतले होते, म्हणून प्रशिक्षित शिक्षिकांच्या इतिहासात त्यांचे नाव प्रथम येते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे हिंदुस्थानातील शिक्षणाविषयीच्या ब्रिटिश धोरणपत्राने, प्रत्येक प्रांतात प्रशिक्षण शाळा काढाव्यात आणि शिकाऊ शिक्षकांना विद्यावेतन द्यावे असे सुचवले, त्यानंतर सरकारी यंत्रणा उभी राहू लागली. पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज हे त्या यंत्रणेतले महत्त्वाचे केंद्र होते, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा पंडित त्याचा प्राचार्य होता. १८६६ मध्ये इंग्लंडमधील समाजसुधारक मेरी कार्पेंटर हिंदुस्थानात आल्या आणि शिक्षिकांसाठी स्वतंत्र नॉर्मल स्कूल असावे असा आग्रह त्यांनी धरला. त्यानंतर पुण्यातही स्त्रियांसाठी प्रशिक्षणाची सोय झाली.

या संस्थांतून बाहेर पडणारा शिक्षक कोण होता आणि कोणासाठी होता, हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे महात्मा जोतीराव फुले यांनी विचारला. १८८२ मध्ये, शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले की प्राथमिक शाळांतील जवळजवळ सर्व शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडेच नॉर्मल ट्रेनिंग कॉलेजातून आलेले असून बाकीचे अप्रशिक्षित आहेत, आणि त्यांचे पगार अपुरे आहेत. शक्य तेथे शेतकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकाचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावी तो १५ ते २० रुपये असावा, हेही त्यांनी सांगितले. शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे, आणि गावच्या कारभारात त्यांना काही स्थान द्यावे, म्हणजे त्यांची प्रतिष्ठा वाढेल, असाही विचार या निवेदनात आहे. प्रशिक्षण, वेतन, सामाजिक मूळ आणि प्रतिष्ठा या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे फुल्यांनी ओळखले होते. पुढील बहुतेक धोरणांनी त्या एकेकट्या हाताळल्या, आणि माझ्या मते त्यांचे अपुरेपण तिथूनच सुरू होते.

माध्यमिक शाळांच्या शिक्षकांची व्यवस्था उशिरा झाली. पदवीधरांसाठी मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये सुरू झाले, आणि पुढे विद्यापीठाची बी.टी. पदवी आली, जिचे नंतर बी.एड. झाले. प्राथमिक शिक्षकाची वाट मात्र वेगळीच राहिली. व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण आधी शाळेवर लागत असे आणि मग त्याला ‘ट्रेनिंगला’ पाठवले जाई. एकाच पेशातील या दोन पायऱ्यांत विद्यापीठ एका बाजूला राहिले आणि गावची शाळा दुसऱ्या बाजूला. ही दरी बुजवण्याचे प्रयत्न बाहेरून झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात १९३५ मध्ये सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले, त्यामागे खेड्यांतील शाळांना खेड्यातून आलेलाच शिक्षक मिळावा ही दृष्टी होती. गांधीजींच्या मूलोद्योगी शिक्षणाच्या वर्धा योजनेने १९३७ नंतर हस्तोद्योगाला अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालवाडीसाठी शिक्षिका तयार केल्या.

स्वातंत्र्यानंतर १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर भागातून आलेले जे. पी. नाईक होते, दुखण्यावर बोट ठेवले : प्रशिक्षण संस्था विद्यापीठाच्या शैक्षणिक जीवनापासून तुटल्या आहेत, शाळांच्या दैनंदिन प्रश्नांपासून तुटल्या आहेत आणि परस्परांपासूनही तुटल्या आहेत. त्याआधीच १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये उघडून उच्च माध्यमिक शिक्षणानंतर चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आजमावला गेला होता. तो त्या चार ठिकाणांबाहेर फारसा पसरला नाही.

१९८६ च्या धोरणाने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या, १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला, म्हणजे एनसीटीईला, वैधानिक दर्जा मिळाला आणि १९९५ पासून ती प्रत्यक्ष काम करू लागली. पण याच काळात महाराष्ट्रात विनाअनुदानित अध्यापक विद्यालयांची लाट उठली. बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एड. आणि लगेच जिल्हा परिषदेत नोकरी ही ग्रामीण घरांतील हुशार मुला-मुलींसाठी खात्रीची वाट होती, आणि त्या आशेवर संस्था वाढत गेल्या. राज्यात प्रशिक्षित शिक्षक पुरेसे असल्याने नव्या महाविद्यालयांना परवानगी नको, अशी भूमिका राज्य शासनाने घेतली. परंतु संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत एनसीटीईचा अधिकार श्रेष्ठ मानला आणि राज्य शासनाला नव्या संस्था अडवण्याची मुभा उरली नाही. पुढे महाराष्ट्रातील २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद न्यायालयात गेला, आणि त्यातून नेमल्या गेलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाला तपासणीत त्यांतल्या बहुसंख्य संस्था निकषांना उतरत नसल्याचे आढळले. देशातील सेवापूर्व प्रशिक्षण संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खासगी हातांत आहेत, हेही या आयोगाने २०१२ च्या अहवालात नोंदवले.

टीईटीचा आग्रह याच वातावरणात वाढला. एनसीटीईने २०१० मध्ये तिची अट घातली आणि महाराष्ट्रात पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पदविका देणाऱ्या संस्थेवर विश्वास उरला नाही, म्हणून पदविकाधारकाची वेगळी परीक्षा घ्यायची, असा हा व्यवहार आहे. मात्र परीक्षाही तितकीच पोखरली जाऊ शकते, हे २०२१ मध्ये उघड झालेल्या टीईटी घोटाळ्याने दाखवले. सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. दरम्यान भरती थांबली, शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे नेमणुकीनंतरच्या सुरुवातीच्या मानधनावरील काळात, मिळणारे प्राथमिक शिक्षकाचे मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये राहिले आणि ते २०२३ मध्येच १६,००० झाले. त्यामुळे चांगले विद्यार्थी डी.एड.कडे पाठ फिरवू लागले आणि अनेक विद्यालये ओस पडली.

अभ्यासक्रमाची दुरुस्ती एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी केली. एक वर्षाचे बी.एड. २०१५-१६ पासून दोन वर्षांचे झाले आणि आंतरवासितेचा, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाचा, कालावधी बराच वाढला. पूर्वी सूक्ष्म अध्यापनाचे (एकेका कौशल्याचे छोटे) पाठ, पाठांची लेखी टाचणे आणि ठरावीक सराव पाठ एवढ्यावर काम भागत असे. छात्राध्यापक शाळेत पाहुण्यासारखा जाऊन येई आणि वर्गातील मुलांची घरची परिस्थिती, त्यांची बोली, त्यांची चुकण्याची रीत हे सारे त्याला नोकरीत लागल्यावरच उमगे. माझ्या दृष्टीने शिक्षक घडतो तो याच भागात, म्हणून आंतरवासितेच्या आठवड्यांचे महत्त्व कागदावरील तासांहून अधिक आहे. तरीही यजमान शाळेतील अनुभवी शिक्षकाला छात्राध्यापकाचा सोबती म्हणून वेळ, मान आणि मोबदला देण्याची व्यवस्था आजही क्वचितच दिसते.

बी.एड.धारकांना प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरवणारी २०१८ ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये रद्द केली. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि त्याचे प्रशिक्षणही वेगळे हवे, हे त्यामुळे पुन्हा अधोरेखित झाले. त्याच वर्षी, राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार, चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम देशातील ५७ संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. २०३० पर्यंत शिक्षकाची किमान अर्हता तीच असावी, असे या धोरणात म्हटले आहे. १९६३ च्या प्रयोगाला साठ वर्षांनी मिळालेली ही दुसरी संधी आहे. ती टिकायची तर या संस्थांना सराव शाळा आणि पूर्णवेळ प्राध्यापक मिळाले पाहिजेत, आणि उत्तीर्ण झालेल्यांसाठी राज्याची नियमित भरती चालू राहिली पाहिजे.